ठिपके

माझ्याकडे 'संगीत शारदा'ची एक जुनी प्रत आहे. मुखपृष्ठ कधीच गेलंय, शिवण सुटलीय. २००५च्या पुरात माळ्यावर न्यायची राहिलेली ट्रंक भिजली, तेव्हापासून प्रत्येक पानाचा खालचा तिसरा हिस्सा चहात बुडवल्यासारखा तपकिरी झालाय. पानांच्या कडेला पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत, सगळ्या नाटकात मिळून एकोणीस. एकेक ठिपका म्हणजे आमच्या सतरा प्रयोगांत कुणीतरी विसरलेलं एकेक वाक्य. मी त्या नाटकाची प्रॉम्प्टर होते.

खरं तर मी शारदा व्हायला गेले होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, लांब केस होते, आणि सांगलीत वाढलेल्या मुलीला आपण नाटकात शोभून दिसू असं वाटायला एवढं पुरतं. हौशी मंडळाची तालीम गावभागातल्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर चालायची, अर्थात मुहूर्त नसतील त्या दिवसांत. खाली जेवणावळीच्या पाटांची चळत आणि वर शारदेच्या लग्नाचा घाट. मास्तरांनी मला दोन ओळी गायला लावल्या. पेटीवाल्यानं मान खाली घातली. मास्तर म्हणाले, "वाचता येतं का नीट?" मी हो म्हटलं. त्यांनी पुस्तक हातात दिलं आणि विंगेकडे बोट केलं.

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले शिक्षक नव्हेत. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर ते दिवाणजी होते. दिवसभर पोती, पट्ट्या, हमाली, तोलाई यांचे आकडे मांडायचे आणि संध्याकाळी सातनंतर नाटक बसवायचं. बोटांच्या पेरांत हळद कायमची मुरलेली. रंगपटात तोंडाला रंग लावताना त्यांचा हात मानेपर्यंत आला की मान आधीच पिवळी झालेली असायची. त्यांनी चाळीस वर्षं कामं केली आणि स्वतःची तीन नाटकं लिहून बसवली. तिन्ही वह्यांत आहेत. एकही छापलं गेलं नाही. एका प्रकाशकानं छपाईचे पैसे तुम्ही भरा म्हटलं होतं, पण ते खरं कारण नव्हे. मास्तरांचं म्हणणं असं, की छापलं की बदलता येत नाही.

सांगलीत नाटकवाल्याला वडीलधाऱ्यांची फार गर्दी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्यामुळे. नाटककार खाडिलकर इथलेच. आणि हरिपूर, सांगलीला जवळजवळ चिकटलेलं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, ते 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं. १३ नोव्हेंबर १८५५ हा त्यांचा जन्मदिवस. मास्तर भाव्यांबद्दल आदरानं बोलत, खाडिलकरांबद्दल जरा बिचकून. देवलांबद्दल मात्र शेजारच्या घरातला थोरला भाऊ परगावी असावा तसं बोलत.

प्रॉम्प्टरचं काम सोपं वाटतं, पण तसं ते नाही. वाक्य सांगणं सोपं, कधी सांगायचं हे अवघड. नट थांबला की तो विसरलाय की त्यानं मुद्दाम थांबून जागा घेतलीय हे तुम्हाला त्याच्या पाठीवरून कळलं पाहिजे, कारण विंगेतून बहुतेक वेळा पाठच दिसते. घेतलेल्या जागेत तुम्ही शब्द टाकलात तर तो आयुष्यभर माफ करत नाही आणि विसरलेल्या जागेत गप्प राहिलात तर प्रेक्षक माफ करत नाहीत. मी पहिल्या प्रयोगात दोन्ही चुका केल्या. प्रयोग संपल्यावर मास्तर रागावले नाहीत. पुस्तक मागितलं, पानं चाळली आणि म्हणाले, "जिथं जिथं सांगावं लागलं तिथं एक ठिपका देत जा. कोण विसरला त्याचं नाव लिहू नकोस. माणसं आज विसरतात, उद्या विसरत नाहीत. वाक्य विसरण्यासारखं असलं तर ते पुन्हा विसरलं जातं."

पुढे मला कळलं की हा मनुष्य नाटक तपासायचा तो या ठिपक्यांनी. तेरा-चौदा प्रयोग झाले की पुस्तक घेऊन बसायचा आणि ज्या वाक्याच्या कडेला तीन-चार ठिपके जमलेत ते वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणून बघायचा. दोष नटाच्या डोक्यात आहे की लिहिणाऱ्याच्या, हे त्याला शोधायचं असायचं.

आणि देवलांच्या पुस्तकात ठिपके पडेनात. सतरा प्रयोग, पाच अंक, हौशी नट (त्यांतले दोघे बँकेतले, एक रिक्षावाला, एक पौरोहित्य करणारा) आणि फक्त एकोणीस. त्याआधीच्या वर्षी याच मंडळींनी एक गाजलेलं आधुनिक नाटक केलं होतं. त्याच्या पुस्तकाच्या कडा देवी आल्यासारख्या दिसत होत्या म्हणे.

याचं उत्तर मास्तरांनी हरिपूरच्या रस्त्यावर दिलं. रविवारी सकाळी ते चालत हरिपूरला जायचे, संगमेश्वराचं दर्शन घ्यायला. ज्याला नाटकाबद्दल काही विचारायचं असेल त्यानं बरोबर चालायचं. रस्ता चिंचेच्या झाडांचा. गावात हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखाली खोल खणलेली कोठारं. ही जमीन अशी की आत ठेवलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुरानं पेवांचं फार नुकसान केलं, पण आम्ही चालायचो तेव्हा ती भरलेली असत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. मास्तर जुनं नाटकही असंच उघडायचे. पहिले चार दिवस कुणी अभिनय करायचा नाही, नुसतं मोठ्यानं वाचायचं. "वारं जाऊ दे आतलं. मग उतरा."

तर त्या रस्त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते असं. देवल आधी लेखक नव्हतेच. बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली ते तयार झाले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' उभं राहिलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. देवल त्या मंडळीत होते ते नट म्हणून आणि शिकवणारे म्हणून. पुढे त्यांचं नाव झालं तेही तालीममास्तर म्हणून. १९०५ साली मिरजेत 'शाकुंतल'मध्ये बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले, त्या पोरवयातल्या नटाला घडवणाऱ्यांत देवल होते. "आता हिशेब कर," मास्तर म्हणाले. हिशेब हा त्यांचा आवडता शब्द. "ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं बसवली, कुणाचा श्वास कुठं तुटतो, कुणाची जीभ कुठं अडखळते हे बघितलं, तो लिहायला बसला की काय लिहील? तो तोंडाला घास लिहील. कागदावर छान दिसणारं वाक्य त्याला सुचणारच नाही."

मला तेव्हा हे पटलं. आज अर्धं पटतं. कारण देवलांच्या इतर नाटकांकडे बघितलं तर त्यांतली बहुतेक परक्या घरून आणलेली आहेत. एकूण नाटकं सात. 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय' आणि बाणाच्या 'कादंबरी'वरचं 'शापसंभ्रम' ही संस्कृतातून. 'झुंजारराव' म्हणजे 'ऑथेल्लो'. 'दुर्गा' इंग्रजीवरून. 'संशयकल्लोळ'ची वाट तर केवढी लांबची: १६६०च्या सुमाराला मोलिएरनं पॅरिसमध्ये केलेलं प्रहसन, त्यावरून शंभर वर्षांनी मर्फीचं 'ऑल इन द राँग', त्यावरून १८९३ साली देवलांचं गद्य 'फाल्गुनराव', आणि मग पदं घालून 'संशयकल्लोळ'. स्वतःच्या डोक्यातून आलेलं नाटक एकच, 'शारदा'. आजच्या भाषेत बोलायचं तर सातांपैकी सहा वेळा माणसानं दुसऱ्याचा माल आणला. मग तो मोठा नाटककार कसा?

हे मी मास्तरांना विचारलं होतं. ते एका चिंचेखाली थांबले. म्हणाले, "अडतीवर माल कुणाचा असतो?"

"शेतकऱ्याचा."

"आणि त्याला भाव कुणामुळं येतो?"

मी म्हटलं की हे अडत्याचं समर्थन झालं. ते हसले आणि पुढे चालू लागले. पण 'संशयकल्लोळ'मध्ये त्यांना काम करताना बघितल्यावर मला त्यांचं म्हणणं निराळ्या बाजूनं कळलं. देवलांनी त्या नाटकातल्या पुरुषांना महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, नोकर भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. एवढ्यानं फ्रान्स पुसून गेलं. पंचांगच घरी आल्यावर परकं काय राहणार? आणि विनोद असा बिनबोभाट, की निम्म्या प्रेक्षकांच्या तो घरी पोचल्यावर लक्षात येतो.

मास्तर फाल्गुनराव करायचे. गोष्ट तशी सगळ्यांना माहीत आहे: रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका बघते, आणि तिथंच पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती फाल्गुनराव बघतो. नवरा-बायको दोघंही संशयानं पेटतात आणि दोघांकडेही अगदी सज्जड पुरावा असतो. बहुतेक फाल्गुनराव त्या तसबिरीकडे डोळे वटारून बघतात. मास्तर तसबिरीकडे बघायचेच नाहीत. ते तसबीर बघणाऱ्या कृत्तिकेकडे बघायचे. ती किती वेळ बघते, पापणी लवते का, हात कुठे आहे. एक पाय पुढे, मान किंचित कलती, ओठांची हालचाल चालू, जणू मनात पोती मोजतायत. प्रेक्षागृह फुटायचं. मी एकदा विचारलं की हे कुठून आलं. म्हणाले, "सौद्याच्या वेळी गिऱ्हाईक हळदीकडं बघत नाही. दुसरं गिऱ्हाईक हळदीकडं कसं बघतंय ते बघतं."

देवलांना ते पदांसकटचं 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर दिसलं नाही. १४ जून १९१६ला ते गेले, आणि गंधर्व मंडळीनं नाटक आणलं ते त्याच वर्षी, पण नंतर. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. हे सांगताना मास्तरांचा आवाज दरवेळी थोडा खाली यायचा, आणि मला दरवेळी वाटायचं की शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं किती ते मनाला लावून घ्यायचं.

पण खरी कसोटी 'शारदा'ची. १८९९ साली किर्लोस्कर मंडळीनं ते आणलं. तोवर संगीत नाटकात गाणाऱ्या बायका म्हणजे शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना. देवलांनी गायला उभी केली एका लोभी भिक्षुकाची मुलगी. बाप कांचनभट पैशासाठी तिला भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघालाय, आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. हरिपुरात सांगतात की देवलांनी हे नाटक नदीकाठच्या पारावर बसून लिहिलं. ते खरं असो वा नसो, नाटकातल्या बायका बोलतात त्या पाणवठ्यावरच्या आवाजात बोलतात, हे कानाला कळतं.

वल्लरी आणि मैत्रिणी शारदेला चिडवतात ते पद सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान. आमची वल्लरी आवाजाची गोड होती आणि ते पद अगदी चिडवून, वेडावून म्हणायची. 'पाऊणशे'वर जोर. मास्तरांनी एक अख्खी संध्याकाळ त्या एका ओळीवर घालवली. मी घड्याळ बघत होते, चाळीस मिनिटं फक्त 'अवघे'. "पाऊणशे हा आकडा आहे. आकडा आपोआप ऐकू येतो, त्याला जोर लागत नाही. जोर 'अवघे'वर. तू भाजीवालीकडं जातेस, ती म्हणते 'फक्त दहा रुपये'. ती दहा जोरात म्हणते का? 'फक्त' म्हणते. दहा हळू सोडून देते." पोरीनं तसं म्हटलं. माडीवर बसलेले सगळे हसले, पेटीवाल्याचा भाता थांबला. मग मास्तर म्हणाले, "आता न हसता म्हण. तुझीच मैत्रीण आहे ती. उद्या तुझाही बाप असाच 'अवघे' म्हणेल." तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. पदात एक अक्षर बदललं नव्हतं.

याच नाटकात मास्तरांनी एक आगाऊपणा केला आणि तो अंगाशी आला. कांचनभट आणि भद्रेश्वर यांच्यात मुलीच्या पैशांची बोलणी होतात. मास्तर भद्रेश्वर करत होते. हळदीच्या बाजारात पूर्वी हत्ता पद्धत होती: विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, बघणाऱ्यांना आकडा कळायचा नाही. पुढे कायद्यानं ती बंद झाली. मास्तरांनी बोलण्यांच्या मध्येच खांद्यावरचं उपरणं काढलं, कांचनभटाच्या हातावर टाकलं आणि त्याखाली हात घातला. दोघंही तोंडानं शास्त्रातले दाखले बोलतायत आणि उपरण्याखाली बोटं हलतायत. कांचनभट एकदा हात मागे घेतो. भद्रेश्वर पुन्हा ओढतो. उपरणं उंदीर शिरल्यासारखं वळवळतंय. मग दोघंही एकदम थांबतात, आणि उपरणं परत खांद्यावर जातं.

त्या रात्री प्रेक्षकांत मार्केट यार्डातले बरेच होते. पहिल्यांदा बोटं हलली तेव्हा मागच्या रांगांतून जोराचा हशा आला, कारण त्यांनी ओळखलं. दुसऱ्यांदा हात ओढला तेव्हा हशा अर्ध्यावर तुटला. विंगेतून मला पुढच्या दोन रांगाच दिसत होत्या. तिथं एक म्हातारे अडते आपल्या स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

स्पर्धेत आमचा क्रमांक गेला. एका परीक्षकांनी नंतर सांगितलं की हे संहितेत नाही आणि अभिजात नाटकात असली भर घालू नये. मास्तरांनी वाद घातला नाही. परतीच्या टेम्पोत सामानावर बसून ते एवढंच म्हणाले, "शब्द एकही घातला नव्हता." मग बऱ्याच वेळानं, "पण हळद घातली हे खरं."

त्यांच्याशी माझं एकदाच खरं भांडण झालं, तेही 'शारदा'वरून. नाटकात ते लग्न मोडतं कशानं? शारदा नको म्हणते म्हणून नव्हे. वर म्हातारा आहे म्हणून नव्हे. तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून. आणि मांडवातून उठलेली मुलगी अर्धी लग्न झालेली, तिला कोण करणार, म्हणून ती जीव द्यायला जाते. कोदंड नावाचा तरुण तिला वाचवतो आणि त्यांच्या लग्नाला शंकराचार्यांची मान्यता लागते. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला याचा भयंकर राग आला होता. मुलीचं रडणं कुणाला पुरेसं कारण वाटत नाही, गोत्र मात्र लगेच वाटतं! मी म्हटलं, "देवलांना एवढं दिसत होतं तर त्यांनी तिला नुसतं 'नाही' का म्हणू दिलं नाही?"

मास्तर म्हणाले, "म्हणू दिलं असतं तर तिसऱ्या अंकाला थिएटर रिकामं झालं असतं. १८९९ साल. समोर बसलेल्यांत किती भुजंगनाथ असतील? त्यांना शेवटपर्यंत खुर्चीत ठेवायचं तर त्यांच्याच पोथीची दोरी करून त्यांनाच बांधायला पाहिजे."

"म्हणजे घाबरले."

"तिकीट काढून आलेल्या माणसाला नट घाबरतोच, बाळ. नाही घाबरला तर तो भाषण करतो."

हे उत्तर हुशारीचं होतं आणि मला ते अजूनही पुरत नाही. शारदेच्या तोंडी 'मूर्तिमंत भीति उभी' हे पद येतं तेव्हा ती ज्या ताकदीनं आपली भीती समोर उभी करते, त्या ताकदीची मुलगी पुढे पुरुषांच्या निवाड्याची वाट बघत बसते, हे खटकतंच. पण एक कबूल करते. भाषण केलेली त्या काळातली नाटकं आज कुणी करत नाही, आणि ही घाबरलेली शारदा आम्ही जवळजवळ शंभर वर्षांनी केली तेव्हाही एक बाई मध्यंतरात रंगपटात येऊन कांचनभटाला शिव्या देऊन गेली होती. तो बिचारा दाढी सावरत चहा पीत होता.

(जाता जाता. एका गावी प्रयोगानंतर पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की या नाटकामुळेच सरकारनं 'शारदा कायदा' केला. मास्तरांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. १९२९चा तो बालविवाह-प्रतिबंधक कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो, आपल्या शारदेशी त्याचा संबंध नाही. पण गैरसमज इतका गोड आहे की तो दुरुस्त करायला कुणाचं मन होत नाही. मास्तरांचंही झालं नाही. त्यांनी हार घेतला आणि खाली बसले.)

मास्तरांची स्वतःची नाटकं कशी होती? चांगली होती, पण देवलांची सर नव्हती, आणि हे सगळ्यांत आधी त्यांनाच माहीत होतं. पहिलं एका तोलाराबद्दल, जो आयुष्यभर खरं वजन करतो आणि घरी सगळ्यांना कमी पडतो. त्याच्या दुसऱ्या अंकात तोलाराचं एक स्वगत होतं, दीड पानाचं. सुंदर लिहिलेलं. मला ते वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. ते काम मास्तर स्वतःच करत. आठ प्रयोगांत त्या स्वगताच्या कडेला अकरा ठिपके पडले, आणि सगळे लेखकाचे!

नवव्या प्रयोगाच्या आदल्या रात्री त्यांनी वही मागितली. ठिपके मोजले. मग उभं राहून स्वगत म्हणू लागले, आणि चौथ्याच वाक्याला अडकले. मी शब्द दिला. पुढे सातव्याला अडकले. मी शब्द दिला. ते खाली बसले आणि पेन्सिलीनं सगळं स्वगत खोडलं, वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ. त्याच्या जागी लिहिलं: तोलार काटा पुसतो. बास. मी रडकुंडीला येऊन म्हटलं की अहो मास्तर, तेच तर नाटकातलं सगळ्यात चांगलं आहे. ते म्हणाले, "म्हणूनच. ते मी अडतीवर बसून लिहिलंय, रात्री, वहीत. तोलार असं बोलत नाही. मी विसरत नाहीये, माझं तोंड ते बोलायला नकार देतंय."

प्रयोगात ते काटा पुसायचे. फडक्यानं, सावकाश, आधी एक पारडं, मग दुसरं, मग मधली जीभ. दीड मिनिट तरी. पहिल्या वेळी मी तीनदा पुढचं वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. पाठ सांगत होती की हा विसरलेला नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं पाहत असायच्या. अडतीचा पैपैचा हिशेब ठेवणारा हा गृहस्थ नाटकाचा हिशेब मात्र ठेवत नसे, तो काकूंच्या वहीत असे: कापडपट भाडं, पेटीवाला, टेम्पो, चहा छत्तीस कप. त्या एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचं एक नाटक मला पूर्ण पाठ आहे, पण मी एकदाही पाहिलेलं नाही." मी विचारलं कसं. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात ऐकून. पहाटे उठून म्हणतात ना. मी पोळ्या लाटत असते. ज्या वाक्याला माझं लाटणं थांबतं ते ठेवतात." म्हणजे माझ्या ठिपक्यांच्या आधी काकूंचं लाटणं होतं. हे मला मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं.

मग माझं लग्न झालं, पुण्याला आले, नोकरी, मुलं. नाटकं पाहते, बहुतेक वेळा नटाच्या पाठीकडे लक्ष असतं. २०१९च्या पुरानंतर सांगलीला गेले. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गल्ल्यागल्ल्यांत चिखलात भिजलेल्या गाद्या आणि कपाटं रस्त्यावर काढून ठेवलेली. मास्तरांचं घर पहिल्या मजल्यावर, वाचलं होतं. वय ऐंशीच्या पुढे. नजर फार गेलेली. तीन वह्या काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वर ठेवल्या होत्या. चौथीही होती. तिच्याबद्दल मला माहीत नव्हतं.

"लिहिलंय अर्धं," मास्तर म्हणाले. "वाचता येत नाही आता. पण पाठ आहे. तू वही धर."

मी वही धरली. ते खुर्चीत बसूनच म्हणायला लागले. दोन म्हातारे भाऊ, पुरात माडीवर अडकलेले, खाली पाणी चढतंय आणि वर वाटणीचं जुनं भांडण निघालंय. आवाज बारीक झाला होता, पण वाक्यं अगदी तोंडातून निघावीत तशी निघत होती, छोटी, अर्धी तुटलेली, शिळ्या भाकरीसारखी खरी. मी वहीत बघत होते आणि एकही अक्षर इकडचं तिकडे होत नव्हतं. चार पानं झाली. धाकटा भाऊ थोरल्याला विचारतो की खालच्या खोलीत आईचा फोटो राहिला का. आणि मास्तर थांबले.

मी थांबले. सुरेख जागा होती. थोरला उत्तर देणार नाही, पाण्याकडे बघेल, असं मला वाटलं. खिडकीतून खाली कुणीतरी फावड्यानं चिखल ओढत होतं, त्याचा आवाज येत होता. मी त्यांच्याकडे बघत होते, पण या वेळी पाठ नव्हती, तोंड होतं, आणि तोंडावरून वाचायची मला सवय नाही. बराच वेळ गेला. काकू दारात आल्या, हाताला पीठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी पहिले दोन शब्द दिले.

मास्तरांनी वाक्य पुरं केलं. पुढचं म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं, पान संपवलं. मग डोळे मिटूनच विचारलं, "ठिपका दिलास का?"

"पेन्सिल नाहीये, मास्तर."

काकूंनी हात पदराला पुसले आणि फडताळातून हिशेबाच्या वहीतली पेन्सिल काढून दिली.